जुनी लँड क्रूझर की तिच्याहून बारा वर्षांनी नवी ई-क्लास?

वळणवाट

नमस्कार. वापरलेली गाडी घ्यायची असून निवड आता दोन गाड्यांवर येऊन थांबली आहे. या दोन गाड्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की त्यांची तुलना कोणत्या निकषावर करावी, हेच मला उमगेनासे झाले आहे. पहिली आहे २००६ ची टोयोटा लँड क्रूझर, १०० मालिकेतील, ४.७ लिटरच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनाची. दुसरी आहे २०१८ ची मर्सिडीज ई-क्लास, डब्ल्यू २१३ पिढीतील, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आणि एअर सस्पेन्शन (पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असलेली. दोन्ही विक्रेत्यांनी सांगितलेली किंमत जवळजवळ सारखीच आहे, त्यामुळे किमतीचा मुद्दा बाजूला ठेवण्यास हरकत नसावी. लँड क्रूझर अडीच लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली आहे. ई-क्लास त्याच्या एक तृतीयांशही चाललेली नाही, पण तिची वॉरंटी संपली आहे.

गाडीत बहुतेक वेळा चार माणसे असतात आणि त्यांत माझी आई असते, जिला गुडघ्यांचा त्रास आहे. प्रवास मुख्यतः द्रुतगती मार्गावरचा आणि लांबचा आहे, पुष्कळदा रात्रीचा. शेवटचे थोडे अंतर मात्र उखडलेल्या रस्त्याचे असते, जिथे पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली जातात. डोंगरात किंवा चिखलात मुद्दाम गाडी घालण्याची हौस मला नाही. घरातील मंडळींचे मत असे की उंच व दणकट गाडी केव्हाही सुरक्षित. माझा कल सेडानकडे आहे, परंतु तिच्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्पॅनर

किंमत सारखी आहे म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवावा, हे मला पटत नाही. वापरलेली आलिशान सेडान विकत घेताना तिची किंमत निम्म्याहून खाली आलेली असते, पण तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. आज ज्या रकमेत या दोन गाड्या तुमच्यासमोर आल्या आहेत, ती रक्कम गाठेपर्यंत ई-क्लास वेगाने खाली आली आहे, तर लँड क्रूझर कित्येक वर्षे तिथेच जवळपास रेंगाळते आहे. म्हणजे पुढील चार-पाच वर्षांत घसाऱ्याचा फटका कोणत्या गाडीत अधिक बसेल, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही गाड्यांचे वय होण्याची रीत निराळी आहे. १०० मालिकेची लँड क्रूझर शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेली आहे, पुढे टॉर्शन बारचे (स्प्रिंगेऐवजी पीळ घेणाऱ्या पोलादी दांडीचे) स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग अखंड ॲक्सल आहे. अशा गाडीचे भाग झिजतात ते हळूहळू आणि कुरकुर करत. बुश (सांध्यातील रबरी गादी) सैल झाला की खड्ड्यात ठोका ऐकू येतो, बॉल जॉइंट गेला की स्टिअरिंग भिरभिरते, गळती सुरू झाली की खाली डाग पडतो. बहुतेक वेळा दुरुस्तीचा विचार करायला तुम्हाला काही आठवडे मिळतात. तुम्ही पाहिलेल्या गाडीचे हे म्हातारपण बऱ्याच अंशी होऊन गेलेले आहे, आणि मागील मालकाने त्याकडे कसे पाहिले हे गाडीखाली शिरून पाहता येते.

ई-क्लासचे म्हातारपण अजून यायचे आहे. एअर सस्पेन्शनमधील रबरी फुगे जिथे घडी पडते तिथे चिरतात, तो चिरा सुरुवातीला केसासारखा बारीक असतो आणि त्यातून हवा झिरपते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालतो, तापतो आणि शेवटी तोही निकामी होतो. अशा रीतीने एका फुग्याकडे केलेले दुर्लक्ष दोन भागांचा खर्च काढते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर काजळी साचत जाते. पुढच्या काचेमागील कॅमेऱ्याचे तसेच आहे, काच बदलली की त्याचे कॅलिब्रेशन नव्याने करावे लागते. हेडलाइटमधील एक घटक बिघडला तरी अनेकदा पूर्ण दिवा बदलावा लागतो. यांतील एकही गोष्ट गाडी वाईट असल्याचे लक्षण नाही, पण प्रत्येक गोष्ट मोठ्या बिलाची आहे.

तुमच्या जागी मी लँड क्रूझर घेतली असती.

शून्य ते शंभर

स्पॅनर यांनी देखभालीबद्दल जे लिहिले आहे त्यात खोडण्यासारखे फारसे नाही, परंतु त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. प्रश्नकर्त्याच्या घरी जे म्हटले जाते, म्हणजे उंच आणि दणकट गाडी केव्हाही सुरक्षित, त्याला कोणी हातच लावलेला नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतील माणसांना वजनाचा फायदा मिळतो, हे खरे आहे, आणि लँड क्रूझरचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. परंतु हा फायदा समोरची गाडी हलकी असेल तेव्हाचा आहे. झाड, पुलाचा कठडा किंवा उभा ट्रक यांच्यापुढे तो उरत नाही, उलट जितके वजन अधिक तितकी जिरवायची ऊर्जाही अधिक. तिथे प्रवाशांचा जीव वाचतो तो पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळला आणि माणसांची केबिन शाबूत राहिली तर. या बाबतीत दोन्ही गाड्यांच्या आराखड्यांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे, कारण गाडी २००६ ची असली तरी तिची मूळ रचना १९९८ साली बाजारात आलेली आहे. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने आपले पहिले निकाल १९९७ मध्ये जाहीर केले. गाडीच्या पुढील भागाचा केवळ २५ टक्के पट्टा ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आपटण्याची चाचणी अमेरिकेच्या आयआयएचएस या संस्थेने २०१२ मध्ये सुरू केली. त्या चाचणीत सुरुवातीला भल्याभल्या आलिशान गाड्याही नापास झाल्या, आणि त्यानंतर बहुतेक उत्पादकांना पुढच्या कोपऱ्यांची रचना बदलणे भाग पडले. डब्ल्यू २१३ ही त्यानंतरची गाडी असून २०१६ मध्ये तिला युरो एनकॅपचे पाच तारे मिळालेले आहेत.

आता उलटण्याविषयी. दोन चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता जो आकडा येतो, तो गाडी किती सहज उलटू शकेल याचा अंदाज देतो; आकडा जितका मोठा तितके उलटणे कठीण. सर्वसाधारण मोटारींत तो १.३० ते १.५० असतो, उंच एसयूव्ही व व्हॅन यांच्यात साधारण १.०० ते १.३०. द्रुतगती मार्गावर रात्री अचानक जनावर किंवा बंद पडलेले वाहन समोर आले आणि चालकाने एकदम स्टिअरिंग फिरवले, तर या आकड्यातील फरक प्रत्यक्षात उतरतो. इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण ही यंत्रणा, जी बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ मध्ये प्रथम विक्रीच्या गाडीत आणली, अशा वेळी एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडीचे तोंड सरळ ठेवते. अमेरिकेत ती २०१२ च्या मॉडेलपासून सर्व हलक्या वाहनांना बंधनकारक झाली आणि युरोपीय संघात २०१४ अखेर सर्व नव्या गाड्यांना. तुम्ही पाहिलेल्या लँड क्रूझरमध्ये ती असेलच असे गृहीत धरू नका, कारण बाजारपेठ आणि श्रेणी यांनुसार त्या मालिकेतील साधनसामग्री फार बदलत होती. पडदा-एअरबॅगही, म्हणजे धडकेत बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग, तशाच तपासून घ्या.

उंचीवर बसल्यामुळे सुरक्षित वाटते, आणि त्या वाटण्यापायी माणूस वेगही थोडा वाढवतो. दणकटपणाबद्दल घरच्यांचे मत गाडीच्या टिकण्याबद्दल असेल तर ते बरोबर आहे, आतील माणसांच्या टिकण्याबद्दल असेल तर नाही.

दोन पाने

मी एका वेगळ्या आणि कदाचित किरकोळ वाटणाऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण आईंच्या गुडघ्यांचा उल्लेख वर दोघांनीही ओलांडून टाकला आहे.

गुडघ्यांच्या दुखण्यात त्रास होतो तो सांधा काटकोनापलीकडे वाकवून त्यावर पूर्ण भार टाकताना. सेडानमध्ये बसताना माणूस गुडघ्याखालच्या पातळीवर उतरतो, त्यामुळे बसणे जमते पण उठणे जड जाते. लँड क्रूझरमध्ये नेमके उलटे घडते. बैठक कमरेच्याही वर असल्याने आधी फुटबोर्डवर पाय ठेवून, एका पायावर सगळा भार घेत वर चढावे लागते, आणि उतरताना त्याच पायाने आंधळेपणाने जमीन शोधावी लागते. सर्वांत सोयीची बैठक कमरेच्या उंचीची, जिच्यावर नुसते टेकून पाय आत घेता येतात, आणि दुर्दैवाने या दोन्ही गाड्या त्या उंचीच्या दोन बाजूंना आहेत.

म्हणून आईंनाच दोन्ही गाड्यांकडे घेऊन जा. एकदा बसून दाखवण्यावर समाधान मानू नका, दोन-तीन वेळा बसायला आणि उतरायला सांगा, कारण त्रास पहिल्या वेळेस दिसत नाही. हात कुठे जातो तेही पाहा. लँड क्रूझरच्या दाराच्या खांबावर धरायला दांडा आहे, त्याला धरून अनेक वृद्ध माणसे स्वतःला वर ओढून घेतात आणि खांदे धड असतील तर त्यांना तेच सोपे वाटते. ई-क्लासमध्ये एअर सस्पेन्शनने गाडी थोडी वर उचलता येते, पण तो फरक गुडघ्यांना जाणवण्याइतका नसतो. तिथे पुढची सीट विजेवर जमेल तितकी वर आणि मागे घेऊन त्या स्थितीची नोंद मेमरीत करून ठेवता येते का, ते पाहावे.

वळणवाट

सर्वांचे आभार. काही खुलासे करतो. लँड क्रूझरमध्ये स्थिरता नियंत्रण आहे, विक्रेत्याकडील कागदांत आणि डॅशबोर्डवरील बटणातही ते दिसते. पडदा-एअरबॅग मात्र नाहीत. मार्गावर माझा वेग बहुधा शंभर ते एकशे वीसच्या दरम्यान असतो. ई-क्लासला १९ इंची चाके आहेत. उखडलेल्या रस्त्यावर त्या चाकांचे काय होईल, याचा अंदाज कोणी देऊ शकेल काय?

स्पॅनर

पडदा-एअरबॅग नाहीत हे कळल्यावर माझा आग्रह थोडा सैल झाला आहे, ते आधी नमूद करतो.

चाकांचे गणित सोपे आहे. त्या लँड क्रूझरला बहुधा २७५/७० आर १६ मापाचे टायर असतील. यात २७५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि १६ हे रिमचे इंच. २७५ चे सत्तर टक्के म्हणजे सुमारे १९२ मिलिमीटर, इतकी रबराची भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये असते. ई-क्लासच्या १८ इंची चाकांवर २४५/४५ माप असते, म्हणजे ११० मिलिमीटर. १९ इंची संचात मागे २७५/३५ असेल तर भिंत ९६ मिलिमीटरवर येते. पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याची धारदार कड ताशी चाळीसच्या वेगाने लागली की हे शंभराच्या आतले अंतर क्षणात संपते आणि टायर रिम व दगड यांच्यात चिमटला जातो. त्यातून बाजूला फुगवटा येतो किंवा रिम वाकतो. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. शिवाय ई-क्लाससारख्या गाड्यांत बरेचदा रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतात आणि स्टेपनी नसते, त्यामुळे बाजूची भिंत फाटली तर टोइंगच मागवावे लागते.

उपाय मात्र आहे. १८ इंची संच लावावा, आणि त्या शेवटच्या पट्ट्यात वेग खरोखरच कमी ठेवावा.

एकशे वीसवर

मी लँड क्रूझर १०० बाळगून आहे, त्यामुळे माझ्याकडून तिची तरफदारी अपेक्षित असेल, पण तुमचा वापर वाचून मला ती करवत नाही. ही गाडी ज्या कामासाठी जन्मली ते काम तुम्ही तिला देणारच नाही आहात. कायमस्वरूपी चार चाकांना जाणारी शक्ती, मध्ये कुलूपबंद होणारा डिफरेन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारा भाग), खडतर वाटेसाठीची हळू पण जोरकस गिअरची दुसरी पायरी हे सगळे तुम्ही द्रुतगती मार्गावर नुसते वाहून नेणार, आणि त्याचे इंधन भरणार. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शंभरवरून एकशे वीसवर गेले की रोध ४४ टक्क्यांनी वाढतो आणि तो रेटायला लागणारी शक्ती जवळजवळ ७३ टक्क्यांनी. हा नियम दोन्ही गाड्यांना लागू असला तरी उंच चौकोनी गाडीत मुळातलाच रोध मोठा असल्याने ती वाढ खिशाला लागते. माझी गाडी लिटरमागे सहा-सात किलोमीटरच्या वर क्वचित जाते. तशाच प्रवासात ई-क्लास त्याच्या जवळपास दुप्पट देईल.

आवाज आणि थकवा यांबद्दलही लिहायला हवे, कारण लांबच्या रात्रीच्या प्रवासात थकवा हा सुरक्षिततेचाच भाग असतो. व्ही-८ चा आवाज मंद व सुखद आहे, पण एकशे वीसवर आरशांभोवतीचा वारा आणि पुढच्या काचेवरचा दाब सतत कानावर राहतो. आडवा वारा आला की स्टिअरिंगला बारीक बारीक दुरुस्त्या द्याव्या लागतात. मागच्या अखंड ॲक्सलमुळे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला कळतो, आणि मागे बसलेल्यांना तो वळणावर अधिक जाणवतो. उखडलेल्या रस्त्यावर मात्र तीच गाडी राजासारखी चालते, तिथे तिच्यापुढे ई-क्लासने बोलूच नये.

दिव्यांचे तर विचारूच नका. माझ्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा पिवळसर झाल्या होत्या, त्या घासून घेतल्यावरही नव्या एलईडी दिव्यांची बरोबरी होत नाही. तुमचा प्रवास रात्रीचा असेल तर या एका गोष्टीला तुम्ही देत आहात त्याहून जास्त वजन द्या.

जुनी नोंदवही

इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या धास्तीविषयी दोन शब्द. ई-क्लाससारख्या गाड्यांतील बऱ्याच भीतिदायक सूचनांचे मूळ १२ व्होल्टची थकलेली बॅटरी हेच असते. व्होल्टेज खाली गेले की एकामागून एक नियंत्रण युनिटे तक्रार नोंदवू लागतात आणि पडद्यावर एकदम चार-पाच बिघाड दिसतात, जे प्रत्यक्षात नसतात. म्हणून स्कॅन करण्याआधी बॅटरी तपासावी आणि नंतर सर्व युनिटे वाचून घ्यावीत. केवळ इंजिनाचा कोड वाचणारे स्वस्त यंत्र इथे पुरणार नाही. दुसरे असे की मोबाइल जाळ्यावर चालणाऱ्या सुविधा गाडीइतक्या टिकत नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी सेवा बंद झाल्यावर अनेक गाड्यांतील अशा सुविधा कायमच्या गेल्या. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

प्रत्यक्ष तपासणीत मी पुढील क्रमाने जाईन. दोन्ही गाड्यांचे इंजिन पूर्ण थंड असताना पोहोचावे आणि तसे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे. आपण पोहोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवलेली असेल तर त्यामागचे कारण विचारावे. लँड क्रूझरचे थंड इंजिन सुरू होताच टिकटिक असा आवाज आला आणि काही मिनिटांत इंजिन तापल्यावर तो थांबला, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातील धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळीला) तडा असण्याची शक्यता आहे, कारण धातू प्रसरण पावला की फट बुजते. त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) आहे आणि तो साधारण दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. अडीच लाखांच्या पुढे गेलेल्या गाडीत तो किमान एकदा, वॉटर पंप व टेन्शनरसह, बदलल्याचे बिल दिसलेच पाहिजे. तोंडी ग्वाही ग्राह्य धरू नये. लिफ्टवर चढवून चॅसिसच्या मागील भागात, मागच्या ॲक्सलच्या वरच्या वळणाशी, हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतून गंज पोहोचलेला असतो, मग वरून कितीही काळा रंग दिलेला असो. ज्या गाड्यांत ब्रेकच्या साहाय्यासाठी विजेचा पंप आहे, तिथे इग्निशन चालू ठेवून पेडल अनेकदा दाबावे आणि पंप किती वेळ गुणगुणतो ते ऐकावे. गुणगुणणे लांबत चालले असेल तर पंप थकलेला असू शकतो, आणि तो भाग महागडा आहे, हे ध्यानात ठेवावे.

ई-क्लाससाठी सर्वांत उपयुक्त चाचणीला कोणतेही यंत्र लागत नाही. संध्याकाळी गाडी सपाट जागी बंद करून उभी करावी, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी, दार उघडण्याआधी, पुन्हा मोजावे. एखादा कोपरा बोटभर खाली आला असेल तर तिथला फुगा किंवा झडप गळते आहे. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर पुरते असे कोणी सांगितले तर लगेच मान डोलावू नये. जी कंपनी अनेक आलिशान गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते, ती झेडएफसुद्धा आपल्या आठ-गिअरच्या पेट्यांसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलल्याची नोंद आहे का ते पाहावे. टायरवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतके जुने रबर मी लांबच्या प्रवासाला वापरणार नाही, आणि हे दोन्ही गाड्यांना लागू आहे.

दोन्ही गाड्या यातून पार पडल्या तर तुमच्या वापरासाठी ई-क्लास. ती नापास झाली तर लँड क्रूझरकडे न वळता दुसरी ई-क्लास शोधा, किंवा स्टीलच्या स्प्रिंगांवरची शोधा, जी तुमच्या शेवटच्या पट्ट्यालाही अधिक मानवेल.

वळणवाट

ई-क्लासच्या विक्रेत्याने गाडी रात्रभर उभी ठेवून मोजण्यास संमती दिली आहे. लँड क्रूझरच्या विक्रेत्याकडे बेल्ट बदलल्याचे बिल नाही, केवळ आठवण आहे. आईला दोन्ही गाड्यांत बसवून पाहिले. तिला चढण्यापेक्षा उतरण्याची भीती वाटली आणि तिने सेडानच पसंत केली. त्यामुळे आधी ई-क्लास लिफ्टवर घेत आहे. १८ इंची चाके याच गाडीच्या ब्रेक कॅलिपरवर (चाकाच्या आतील ब्रेकच्या पकडीवर) बसतील ना?

स्पॅनर

दोन लिटरच्या श्रेणीत बसतील, कारण तिला १७ इंची चाकेही कारखान्यातूनच मिळत होती. मात्र चार गोष्टी जुळवून घ्या. रिमचा ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) मूळ मापाचा असावा, टायरचा भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) दाराच्या खांबावरील पट्टीत दिलेल्यापेक्षा कमी नसावा, हवेच्या दाबाचे सेन्सर नव्या रिममध्ये हलवून घ्यावेत, आणि १९ इंची संचात पुढचे-मागचे माप वेगळे असेल तर १८ इंचीत चारही समान घ्यावेत, म्हणजे टायर आलटून-पालटून लावता येतील. मोजमाप झाल्यावर चारही कोपऱ्यांचे आकडे इथे टाका.